फाटक मिटले तो रविवार

सुज्ञ वाचकहो, आठव्या इयत्तेतून शाळा सोडून लाकडाच्या वखारीत कामास लागलेला मी एक मनुष्य, प्रस्तुत लेखात एका मोटारशर्यतीची हकीकत यथाक्रम सांगणार आहे. तीत एक चूक माझी आहे, एक उपकार दुसऱ्याचा आहे, आणि साठ फेऱ्या आहेत. जे घडले तेवढेच लिहीन. जेथे माझी फजिती झाली तेथेही लेखणी आखडती घेणार नाही.

आमच्या रेड फोर्क स्पीडवे या शर्यतीच्या मैदानाची धावपट्टी अंडाकृती व आखूड आहे. अठरा सेकंदांत एक फेरी पुरी होते, आणि सर्व वळणे डावीकडची. या मैदानावर मी बावीस हंगाम गाडी चालविली व एकदाही पहिला आलो नाही. याचे कारण गाडी नव्हे, माझा स्वभाव होय. आमच्याकडे अशी रीत आहे की, मागचा चालक अधिक वेगात असला तर तो पुढच्याच्या मागील बंपरला हलकीशी धडक देतो. यास आम्ही दार वाजविणे म्हणतो. दार वाजल्यावर आतली वाट सोडावी की न सोडावी, हे पुढच्याच्या मर्जीवर असते. मी नेहमी सोडीत आलो. दार वाजले की माझा हात आपोआप स्टीअरिंगचे चाक उजवीकडे फिरवीत असे. त्यामुळे लोकांनी माझे नाव फाटक ठेवले. शेवटच्या फेऱ्या आल्या की लाकडी बाकांवरून आरोळी उठे, "फाटक, उघड!" आणि मी उघडीत असे.

सन १९८६च्या उन्हाळ्यात माझा उजवा खांदा कुरकुरू लागला. माझी पत्नी ओझेला हिने एके सकाळी अंडी फेटता फेटता निकाल दिला.

"हा शेवटचा हंगाम, डेल्मर. तुला कूस बदलता येत नाही आणि मला झोप लागत नाही."

"एकदा जिंकू दे गं. फक्त एकदा."

"लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय. सप्टेंबरातली शेवटची शर्यत तेवढी चालव. जिंक नाहीतर हर, सोमवारी हेल्मेट खुंटीला."

मी शब्द दिला. आणि दिलेला शब्द मी मोडीत नाही, हे तिला माहीत होते. अशा रीतीने सप्टेंबरातला तो एकच रविवार माझ्यापाशी उरला.

त्या दिवशी चर्चमधून सर्व मंडळी थेट मैदानावर आली. प्रारंभीचा क्रम ठरविण्यासाठी कॉफीच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या काढतात. माझ्या चिठ्ठीवर पहिला क्रमांक निघाला. दुसरा रॉइस लेडबेटर यास मिळाला, म्हणजे तो पहिल्या रांगेत माझ्या उजव्या हातास उभा राहणार. रॉइस हा सात हंगामांचा विजेता, जिभेचा तिखट. त्याच्याविषयी माझ्या मनात प्रेम नव्हते, हे मी लपवीत नाही.

तो म्हणाला, "काय फाटकराव, पहिला नंबर? मग मला घाई कसली! थोड्या वेळात तूच येशील मागे, आपल्या पायांनी."

"आज माझ्या बंपरचा रंग बघत बस, रॉइस."

"पाठ आहे रे तो रंग मला. हिरवा. बावीस वर्षं खरवडतोय."

आता माझी चूक सांगतो. सतत डावीकडे वळावयाचे असल्यामुळे आम्ही मागचे उजवे चाक डाव्याहून मोठे लावतो. प्रत्येक टायरचा घेर मोजफितीने मोजून त्यावर खडूने आकडा घालतो. पूर्ण आकडा कोणी लिहीत नाही, शेवटचा तेवढा लिहितो. माझे दोन टायर होते, एक शहाऐंशी इंचांचा, दुसरा एकोणनव्वद. एकावर 6 लिहिला, दुसऱ्यावर 9. आणि आकड्याखाली जी रेघ ओढावयाची असते, ती त्या दिवशी घाईत ओढली नाही. दोन्ही टायर गवतावर पडले होते. मी पलीकडून आलो, आकडे उलटे वाचले, 6चा झाला 9 आणि 9चा झाला 6. मोठे चाक डावीकडे गेले, लहान उजवीकडे. असल्या गाडीस वळणावर वळता येत नाही. ती सरळ भिंतीचा रस्ता धरते.

हे मला ठाऊक नव्हते. गाड्या रांगेत लागल्या, आम्ही चालक आपापल्या गाडीशेजारी माना खाली घालून उभे राहिलो, आणि पाद्री गोफोर्थ यांची प्रार्थना सुरू झाली. त्यांची प्रार्थना लांब असते. सर्वांचे डोळे मिटलेले होते, एक रॉइस सोडून.

"डेल्मर," तो कुजबुजला.

"प्रार्थना चाललीय."

"चालू दे. तुझी गाडी माझ्याकडे का कललीय?"

मी एक डोळा उघडला.

"ते उजवं मागचं चाक बघ, येड्या. उलटी लावलीस तू चाकं! पहिल्या वळणाला तू सरळ माझ्या अंगावर, आणि मग दोघं भिंतीत."

मी दुसराही डोळा उघडला. पाद्री तोवर रुग्णवाहिकेच्या चालकासाठी आशीर्वाद मागत होते. रॉइसने मागे हात करून आपल्या माणसांकडून जॅक मागविला, तो माझ्या गाडीच्या मागल्या आसाखाली सरकविला आणि डांबरावर गुडघे टेकले; रांगेतल्या गाडीस चालकांखेरीज कोणी हात लावू नये अशी रीत आहे. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली.

मी वाकू लागलो तसा तो म्हणाला, "तू कशाला? खांदा धड नाही तुझा. आत बस, पट्टे बांध. बाकीचं मी बघतो."

"इंजिनाची हाक होईल, रॉइस. तू आपल्या गाडीत नसलास तर..."

"नियम मला शिकवतोस? बस म्हणतो ना!"

नियम असा की, इंजिने चालू करण्याची हाक झाली असता जो चालक आपल्या आसनावर नसेल त्याने सर्वांच्या मागे जावे. आमेन झाले. शाळेतल्या एका मुलीने राष्ट्रगीत म्हटले. तिचा शेवटचा सूर लांबत होता तेव्हा मला मागून नट आवळल्याचा आवाज येत होता. मग हाक झाली. मी आसनावर होतो. रॉइस गुडघ्यांवर होता.

पंच ओरडला, "लेडबेटर! सगळ्यात मागे!"

"जातोय की! ओरडतोस कशाला, बहिरा आहे का मी?" असे म्हणून त्याने माझ्या गाडीच्या छतावर दोनदा थाप मारली आणि बावीस गाड्यांच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

हिरवा झेंडा पडला. गाडी वळणात अशी वळली जशी मी मनात आणावे आणि तिने ऐकावे. चाळीस फेऱ्या मी पुढे होतो. ओझेला आतल्या मैदानात फळी धरून उभी असे. माझ्या लगेच मागे जी गाडी असेल तिच्या दारावर रंगविलेला क्रमांक ती फळीवर लिही. पहिल्याने अकरा, मग तीस. एकेचाळिसाव्या फेरीस दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, सावधगिरीचा पिवळा झेंडा निघाला व वेग उतरवून सर्वजण पुन्हा जवळ आले. पंचावन्नाव्या फेरीस फळीवर सत्तर आकडा आला. सत्तर म्हणजे रॉइस.

सत्तावन्नाव्या फेरीस माझे दार वाजले.

बाकांवरची आरोळी इंजिनांतूनही ऐकू आली, "फाटक! उघड!" माझा हात सवयीने उजवीकडे निघाला. आणि या वेळी सवयीच्या जोडीस कारणही होते. ज्याने माझ्यासाठी आपली जागा घालविली, त्यास वाट देणे हीच माणुसकी, असे मन म्हणू लागले. चाक बोटभर फिरलेही. तेवढ्यात माझ्या ध्यानी आले की, मी आतली वाट सोडावी एवढीच त्याची इच्छा असती, तर त्यास काहीच करावे लागले नसते. उलटी चाके पाहून तो जरा मागे राहिला असता, तर मी स्वतःच वाटेतून गेलो असतो. मी चाक डावीकडे घेतले व आतली रेघ धरली.

दार पुन्हा वाजले, आणि ते हलके नव्हते. माझी गाडी मागून घसरली, धूर झाला, खांद्यातून कळ मस्तकात गेली. तरी टायरांनी रस्ता सोडला नाही. शेवटच्या फेरीस रॉइस बाहेरून आला. दाराला दार घासत आम्ही चौथे वळण घेतले. समाप्तीचा चौकटींचा झेंडा हलला तेव्हा मी अर्ध्या बंपराने पुढे होतो.

मी गाडीबाहेर आलो तर तो समोर उभा. पँट गुडघ्यांवर फाटलेली.

मी म्हणालो, "रॉइस, मला वाटलं होतं तुला वाट द्यावी. तू एवढं केलंस..."

"दिली असतीस ना, तर इथंच बदडला असता तुला! हे गुडघे बघ. हे काय तू बाजूला सरावास म्हणून सोलले मी? बावीस वर्षांनी एक माणूस शर्यतीला आला, आणि म्हणे वाट देतो!" मग तो ओझेलाकडे वळला. "वहिनी, याला आता घरी न्या बाई. हा माणूस धोकादायक झालाय."

ओझेला हसतही होती आणि डोळेही पुसत होती. तिने त्याच्या गुडघ्यांवर गार चहा ओतून माती धुतली. पाणी जवळ नव्हते.

मग निवेदकाने माझ्या हाती माइक दिला. बावीस वर्षे मी या क्षणासाठी एक भाषण पाठ करून ठेवले होते. त्यात परमेश्वर होता, पत्नी होती, वखारीचे मालकही होते. रॉइस लेडबेटर मात्र कोठेच नव्हता. आता त्याच्यावाचून पहिले वाक्यही जुळेना. मी तोंड उघडले, एवढेच म्हणालो, "टायर..." आणि मला रडू कोसळले. लोकांनी टोप्या उडविल्या. पण आभार मानावयाचे राहून गेले.

सोमवारी हेल्मेट खुंटीला टांगले. खांदा आता बरा आहे. मात्र ते राहिलेले आभार मला स्वस्थ बसू देईनात, म्हणून हा लेख. रॉइस लेडबेटर, तू प्रार्थनेत डोळे उघडे ठेवलेस, आपली जागा सोडलीस, आणि मग जीव तोडून मला हरविण्यास आलास. या तिन्हींबद्दल मी तुझा जन्माचा ऋणी आहे. यांतले एकही कमी असते तर त्या विजयास मी माझा म्हणू शकलो नसतो.

ज्यांनी हे शेवटपर्यंत वाचले त्यांचेही मी हात जोडून आभार मानतो. शुद्धलेखनातील दोष माझे समजावेत.

आपला नम्र,
डेल्मर स्ट्रूप