कोपराएवढा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे, असे माझ्यापुढच्या पाटीवर लिहिले आहे. पाटी लिहिणाऱ्याला एवढेही कळले नाही की मी गाडीच नाही. मला इंजिन नाही, माझी चाके फिरत नाहीत आणि जन्मापासून मी वीतभरसुद्धा पुढे सरकलेली नाही. मी भंगाराच्या पत्र्यातून घडवलेले शिल्प आहे. एका खऱ्या शर्यतीच्या गाडीची आठवण राहावी म्हणून मला घडवले. सध्या मी मोटारी विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या दालनात उभी आहे आणि या जागेचा मला अगदी वीट आला आहे.

इथे गाड्या बघायला येणारी माणसे चघळून झालेले च्युइंगम कुठे चिकटवतात, ठाऊक आहे? माझ्या सीटखाली. चांगले चौदा गोळे आहेत आणि त्यांतला एक खुद्द मॅनेजरसाहेबांचा आहे. कॉफीचे उष्टे कप माझ्या पोटात टाकतात. तळाशी उरलेली कॉफी आंबते, तिच्यावर करडी बुरशी धरते. एकदा तर टाय लावलेल्या एका गृहस्थाने इकडेतिकडे पाहिले, नाक शिंकरले आणि बोटे माझ्या दाराला पुसली. नंतर त्याच दाराला टेकून त्याने फोटो काढून घेतला. आठवले तरी शिसारी येते.

पण एवढ्यासाठी मी तुमच्यापुढे रडगाणे गायले नसते. माझी खरी कहाणी पुढेच आहे.

मला घडवणारी शिल्पकार ताई म्हणजे एका मेकॅनिकची मुलगी. तिचे बाबा तरुणपणी शर्यतीच्या गाड्या तयार करत. एका मोठ्या शर्यतीच्या दिवशी, निशाण पडायला थोडाच वेळ उरला असताना, गाडीचे बॉनेट लागेना. बाबांनी वैतागून डाव्या बाजूला कोपर हाणले. बॉनेट खटकन बसले, पत्र्याला कोपराएवढा पोचा पडला आणि ती गाडी पहिली आली. मग मालकाने सगळ्यांना बजावून ठेवले, की या पोच्याला कोणी हात लावायचा नाही. पुढे ती गाडी भंगारात गेली. बाबांचे डोळेही गेले. तेव्हा ताईने मला करायला घेतले.

मी जवळपास पूर्ण झाले होते. ताईने बाबांचा हात धरून माझ्या बॉनेटवर ठेवला.

"बाबा, पोचा इथेच होता ना?"

"जरा खाली. सरक बघू, मीच मारतो. तू मारलास तर शहाण्या मुलीसारखा गुळगुळीत येईल."

त्यांनी पत्रा चाचपला, लाकडी हातोडा घेतला आणि मोजून तीन ठोके दिले. मग त्या खळग्यात कोपर टेकवून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस. त्यानंतर बाबांच्या हाताला कंप सुटला आणि हातोडा सुटला तो सुटलाच.

मला इथे देताना ताईने दोन अटी लिहून घेतल्या. माझ्यात काहीही बदल करायचा नाही आणि बाबांना दर सोमवारी येऊन मला हात लावू द्यायचा. बाबा येत. बोटांनी पोचा शोधत, त्यात कोपर टेकवत आणि म्हणत, "आहे बरं का, जागेवर आहे." कधीकधी गाड्या बघायला आलेली माणसे तोंडावर हात ठेवून हसत. बाबांना ते दिसत नसे. मला दिसे आणि त्या माणसांची मला किळस येई.

मग एकदा दुकानाचे बडे साहेब येणार म्हणून इथे धांदल उडाली. मॅनेजरने मागच्या वर्कशॉपमधल्या, पत्र्याचे पोचे काढणाऱ्या डेंटरला बोलावून घेतले.

"ही गाडी एकदम चकाचक कर. सोनेरी रंग मार."

"साहेब, डावीकडे पोचा आहे."

"मग काढ की! मला काय विचारतोस?"

दोघांनाही गाडीवरचा पोचा तेवढा दिसला. पोच मात्र दोघांपैकी एकालाही नव्हती. डेंटरने बाबांचे तीन ठोके पुट्टीने भरले, पॉलिश पेपरने घोटले आणि वर सोनेरी रंग फवारला. काम चोख केले, हे मी नाकारत नाही. वाईट केले असते तर पुट्टी एव्हाना निखळून तरी पडली असती. पोटातले बुरसटलेले कप आणि सीटखालचे गोळे मात्र कोणी काढले नाहीत. ते बाहेरून दिसत नव्हते ना!

ताई परगावी होती, त्यामुळे तीन सोमवार कोणी आले नाही. तोवर रंगाचा वास उडून गेला. चौथ्या सोमवारी बाबा आले. त्यांची बोटे नेहमीच्या जागी गेली, पुढे गेली, परत मागे आली. त्यांनी कोपर टेकवले, तर ते घसरले.

"बाळ, सापडत नाही गं."

ताई माझ्याकडे बघतच राहिली होती. ती म्हणाली, "बाबा, यांनी बुजवलाय. पुट्टी भरलीय."

"उगाच समजूत काढू नकोस. इथे मेकॅनिक लोक आहेत. मेकॅनिक माणूस हा पोचा कशाला काढेल?"

ताईने मॅनेजरला हाक मारली. शेजारी गिऱ्हाईक उभे होते आणि लिहून दिलेली अट मॅनेजरला चांगली आठवत होती. तो गोड हसून म्हणाला, "मॅडम, आम्ही काहीच केलं नाही. आली तशीच आहे."

मित्रांनो, चौदा गोळ्यांची आणि आंबलेल्या कॉफीची एकत्र आली नसेल इतकी घाण मला त्या हसण्याची वाटली. डेंटर काचेपलीकडे उभा राहून सगळे ऐकत होता. मान खाली घालून तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

ताई संतापून बोलू लागली, पण बाबांनी तिचा हात धरला. "भांडू नकोस. डोळे गेले, आता हातही गेला म्हणायचा. चल घरी." जाताना ते बोटे चोळत होते. त्यानंतर ते आले नाहीत.

मित्रांनो, एखादी वस्तू दुरुस्त करण्याआधी ती खरोखर बिघडली आहे का, एवढे विचारत जा. माझे कप काढू नका, गोळेही राहू द्या. माझे एवढेच काम करा. तो म्हातारा मेकॅनिक कुठे भेटला, तर मला तोंड नाही म्हणून माझ्या वतीने त्याला सांगा, "काका, तुमचा हात अजून शाबूत आहे."