एकट्याला न पेलणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे, एका पक्षाच्या शाखेतला. माझ्यावर कुणी आपलं नाव कोरलेलं नाही, पण माझ्यावर बसून पुष्कळांनी आपलं म्हणणं मांडलं आहे.

मला एका सुताराने बनवलं. तो शाखेचा पहिला सभासद. शाखेची खोली अरुंद होती आणि दोन्ही भिंतींकडे जमीन उतरती होती. सपाट जागा फक्त मधोमध. म्हणून सुताराने माझे पाय टोकांपासून बरेच आत घेतले. त्याचा परिणाम असा की माझ्या टोकावर एकटाच माणूस बसला तर मी उलटतो. इतर कुणी मध्ये किंवा दुसऱ्या टोकाला असलं तर जराही हलत नाही. बागेतल्या सीसॉवर बसणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सुताराला लोकांनी हा दोष दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "शाखेत एकटं बसायला येतंय कोण? त्याला घर आहे की!"

पक्षाची रचना सोपी होती. सर्वांत खाली आमची शाखा, तिच्यावर विभाग, विभागावर शहर. शाखेत सगळे माझ्यावर दाटीवाटीने बसत, भांडत, मग हात वर करून ठराव करत. तो ठराव विभागामार्फत शहराकडे जाई. त्यात एक नियम मला फार आवडायचा. शाखेचा ठराव ज्याला नाकारायचा असेल, त्याने स्वतः शाखेत येऊन कारण सांगायचं. निरोप चालणार नाही.

पण आमच्या विभागप्रमुखांना एक युक्ती सापडली होती. ते ठराव नाकारतच नसत. नुसते खणात ठेवून देत. नकारच नाही, तर यायचं कशाला?

असंच चाललं असतं. पण त्या वर्षी नगरपालिकेने आमच्या वस्तीतला संध्याकाळचा दवाखाना बंद केला. नगरपालिकेत सत्ता आमच्याच पक्षाची. शाखेच्या चिटणीस होत्या शिलाईवाल्या मावशी. त्यांची सून खोक्यांच्या कारखान्यात कामाला होती आणि तिला आठवा महिना लागला होता. सकाळी तपासणीला जायचं म्हणजे खाडा, आणि खाडे वाढले की काम जाणार. तिने दोनदा तपासणी चुकवली होती, आणि तिचे पाय सुजायला लागले होते.

दवाखाना संध्याकाळी पुन्हा उघडावा, असा ठराव झाला. तो नेहमीप्रमाणे खणात गेला. मग मावशींनी काय करावं? त्या काजं-बटणांचं काम घेऊन रोज विभागाच्या कार्यालयात जाऊन बसू लागल्या.

"मावशी, शहराध्यक्ष साहेबांना आत्ता नाही विचारता येणार. चिडतील ते," विभागप्रमुख म्हणायचे.

"मग नाही म्हणा की. मला हो नकोच आहे," मावशी सुईत दोरा ओवत म्हणायच्या. "एक नाही द्या, म्हणजे मी घरी जाते."

आठवडाभरात विभागप्रमुख टेकीला आले. त्यांनी ठराव वर पाठवून दिला. शहराध्यक्षांनी तो नाकारला. आणि नियमाप्रमाणे त्यांना आमच्याकडे यावं लागलं.

पांढरेशुभ्र कपडे घातलेले अध्यक्ष दारात दिसले, तसे सगळे आदराने ताडकन उठले. पंख्याखाली माझं एक टोक होतं. अध्यक्ष नेमके त्याच टोकावर टेकले. दुसऱ्या टोकाला कुणी नाही, मध्ये कुणी नाही. मी तरी काय करणार? मी उलटलो आणि शहराध्यक्ष धपकन जमिनीवर आले.

विभागप्रमुखांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बाई! लागलं का हो?" मावशी पुढे झाल्या. "सांगायचं राहिलंच. हा बाक एकट्याला पेलत नाही."

पेपरवाले काका कोपऱ्यातून म्हणाले, "विरोधक तुम्हाला पाडायला इतकी वर्षं खपतायत साहेब. आमच्या बाकाने बसल्या जागी पाडलं!"

मग अध्यक्ष खो-खो हसत सुटले. कपडे झटकत म्हणाले, "बसा बाबांनो सगळे, नाहीतर मी परत पडेन."

सगळे बसले. अध्यक्षांच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मावशींची सून. खांद्याला खांदा लागला की भाषण करता येत नाही, बोलावंच लागतं.

"मला तर कळवलंय की संध्याकाळी तिथे कुणी फिरकत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"शेवटी शेवटी डॉक्टर पाचलाच कुलूप लावून जायचे," सून म्हणाली. "आमचा कारखाना सहाला सुटतो. कुलपाला दाखवू का पाय?"

अध्यक्षांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग विभागप्रमुखांकडे. विभागप्रमुख आपल्या चपलांकडे पाहत होते.

"माझं कारण चुकीचं निघालं," अध्यक्ष म्हणाले. इतक्या मोठ्या माणसाने हे इतक्या साधेपणाने म्हटलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. "मावशी, शहराच्या बैठकीला या. हे तुम्हीच सांगा."

मावशी गेल्या. दवाखाना पुन्हा सुरू झाला, डॉक्टर रात्री आठपर्यंत थांबू लागले. सुनेची तपासणी वेळेत झाली. बाळाला लस टोचून आणलं, तेव्हा ते रडून रडून माझ्याच फळीवर झोपी गेलं.

पुढे शाखेत हातांच्या खुर्च्या आल्या. मी बाहेर ओसरीवर गेलो, माझ्यावर फलकांचे गठ्ठे चढले. आतले ठराव कमी झाले, टाळ्या वाढल्या. पण मागच्या महिन्यात तीच सून शाखेची चिटणीस झाली. वरून फोनवर एक नकार आला, तेव्हा ती म्हणाली, "फोन नाही चालायचा. या, आणि इथे बसून सांगा." मग तिने गठ्ठे खाली उतरवले, माझ्या सैल पायात नवी पाचर ठोकली आणि मला पंख्याखाली नेलं.

मित्रांनो, लाकडाची पाचर अधूनमधून ठोकावी लागते, तशी चांगल्या नियमाचीही. तेवढी काळजी घ्या. आणि कधी तुमच्या शाखेत मोठा माणूस आला, तर उठून उभे राहू नका. थोडं सरका आणि त्याला मध्ये जागा द्या.