न थांबणारी बुबुळं

उन्हाळ्याच्या कललेल्या दुपारी चाळीच्या गॅलरीत उजेड आडवा शिरायचा आणि तात्यांच्या डोळ्यांत जाऊन अस्वस्थ व्हायचा. तात्या आमच्या शेजारच्या खोलीतले. त्यांची बुबुळं जन्मापासून हलत. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, बारीक, अखंड, निःशब्द. सारा देह पाषाणासारखा निश्चल, बोटांतली विडीसुद्धा स्थिर, आणि त्या निश्चल मुद्रेत दोन काळे मणी असे धावत असत, की समोर बसलेल्याला वाटे, आपल्या पाठीमागून काहीतरी सारखं ये-जा करतंय. लहानपणी मी कितीदा मागे वळून पाहिलं असेल. मागे भिंत असायची.

काही नीट न्याहाळायचं असलं, की ते मान एका बाजूला वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. त्या एका कोनात बुबुळांचा वेग किंचित शमे, एवढंच त्याचं कारण. पण चाळीला कारणं नको असतात, निकाल हवे असतात. तिरकं बघणारा माणूस म्हणजे वाईट नजरेचा माणूस, हा निकाल कधीच लागून गेला होता.

तो लागला गिरण्यांच्या संपात. तोवर तात्या लोअर परळच्या गिरणीत विणकर होते, आणि साच्यांच्या, म्हणजे मागांच्या खात्यात जमीन थरथरे, भिंती थरथरत, हवेतली कापसाची तुसंसुद्धा थरथरत. त्या महाकंपात एका माणसाची बुबुळं कोण बघणार? मग साचे थांबले. गिरणगावावर अशी नीरवता उतरली, की बायकांना शेजारच्या खोलीतलं कण्हणं ऐकू येऊ लागलं. काकू, म्हणजे तात्यांची बायको, सांगायच्या, त्या शांततेत लोकांना पहिल्यांदा ह्यांचे डोळे दिसले. सगळं बंद पडलेलं आणि एवढंच चालू. ‘गिरणी बंद झाली आणि ह्याच्या डोळ्यांत शिरली,’ लोक म्हणाले. गिरणीच्या जमिनीवर पुढे काचेचा मॉल उभा राहिला, ज्यांनी कापड विणलं त्यांच्या नातवंडांना तिथे दारावर तपासून आत सोडू लागले. ती भुताटकी कुणाला वाटली नाही. भूत दिसलं ते एका बेकार विणकराच्या डोळ्यांत! बायका लेकरं पदराआड घेऊ लागल्या. तात्या गॅलरीतून निघाले, की एकामागून एक दारं हळूच लोटली जात.

काकू गेल्यावर काही वर्षांनी सुषमाताई, त्यांची एकुलती लेक, बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. तात्या पाळण्याशी बसून राहत, मान वळवून, कोपऱ्यातून बघत. बाळाने मान धरली, त्याला उजेडाकडे बघता येऊ लागलं, आणि एका सकाळी सुषमाताईने मला हाक मारली. बाळाची बुबुळं धावत होती. पाळण्यात एक आणि पाळण्याबाहेर एक, एकमेकांना न विचारता चाललेल्या त्या दोन नजरा पाहून, अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहून वाटणाऱ्या, विज्ञानाच्या बाजूने घसा कोरडा करणाऱ्या माझ्याही अंगावर काटा आला.

विहीणबाई, म्हणजे सुषमाताईच्या सासूबाई, धावत आल्या. मीठ-मोहऱ्या, मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या. कुणालाच ठसका लागला नाही.

“बघा! एवढी मोठी दृष्ट! ह्याचे आजोबा इथे असेपर्यंत ती उतरायची नाही, आणि तोवर मी नातवाला आणि सुनेला घरी नेणार नाही.”

मी तिघांना परळच्या सरकारी इस्पितळात नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा एक ढोल समोर धरून फिरवला. माझे डोळे माझी परवानगी न घेता पट्ट्यांमागे जात आणि झटक्याने परत येत. तात्यांचे गेले नाहीत. बाळाचेही नाहीत. ढोल आडवा करून पट्ट्या वरून खाली सोडल्या, तेव्हा मात्र दोघांचे डोळे आज्ञाधारकपणे खाली उतरले.

“डोळ्याच्या पडद्यात काही पेशी असतात,” बाई म्हणाल्या. “प्रत्येकीची एक दिशा ठरलेली. त्या दिशेने काही सरकलं की ती बोलते, उलट सरकलं की गप्प. तिला गप्प करते चांदणीसारख्या फांद्यांची शेजारीण. ती एकाच बाजूने दाबते. यांच्यात बहुतेक आडव्या दिशांपुरती ती सगळ्या बाजूंनी सारखंच दाबते. मग डावं-उजवं कळायचं कसं? पक्कं चाचणीनंतर सांगेन. पण हे जन्मतःच, रक्तातून येतं. आजोबाकडून लेकीकडे, तिला त्रास नाही, पण तिच्याकडून मुलाला.”

“आंधळा होईल?” तात्यांनी विचारलं.

“छे हो. तुम्ही झालात? पुस्तक जवळ धरेल, मान वळवून बघेल. बाकी मेंदू शिकून घेतो.”

तात्या तेव्हा हसले. पुरावा हातात आला होता, मला तेवढं पुरे होतं. घरी येताच मी विहीणबाईंना सुनावलं, “नजर-बिजर काही नाही. हे रक्तातून येतं.”

“कुणाच्या रक्तातून?”

विहीणबाईंची दृष्टी तात्यांवरून निघाली आणि सावकाश सुषमाताईवर येऊन थांबली. “म्हणजे खोट मुलीत. लग्नाच्या वेळी लपवलीत. पुढचंही असंच होणार?”

आणि तात्यांनी मान सरळ केली. आयुष्यभर जपलेला तो दयाळू कोन सोडून त्यांनी विहीणबाईंकडे पूर्ण समोरून पाहिलं. बुबुळं सुटली, भयंकर वेगाने.

“डॉक्टरणीला काय कळतंय, विहीणबाई? मी काय जन्माचा असा नाही. गिरणी बंद झाली तेव्हा हे माझ्यात शिरलं. पोरगी त्याच्या आधीची, ती स्वच्छ आहे. बाळाला माझीच नजर लागली. मी गावी जातो, म्हणजे इथलं इथे मिटलं.”

“तात्या, खोटं कशाला...” मी म्हणाले.

“गप गो पोरी. तुझं खरं तुझ्या पत्रकात लिही.”

विहीणबाईंनी हात जोडले. भीतीने की समाधानाने, देव जाणे. मला त्या चाळीचा, त्या जोडलेल्या हातांचा संताप आला, अजून येतो. चाळीने त्यांच्यावर लादलेलं भूत तात्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं आणि लेकीचा संसार त्याच्या आड लपवला.

ते निघाले तेव्हा सुषमाताई बाळाला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली होती. पत्र्याची पेटी घेऊन तात्या त्या चौकटीतून आडवे गेले, एका कडेकडून दुसऱ्या कडेला, आणि दिसेनासे झाले. बाळ रिकाम्या चौकटीकडे बघत राहिलं, त्याचे डोळे इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिले. जणू आजोबा जात होते तितकेच परतही येत होते. मेंदू शिकून घेतो, बाई म्हणाल्या होत्या. कोण येतंय आणि कोण जातंय, हे प्रत्येकाला एक दिवस शिकावंच लागतं. पण ते जितकं उशिरा कळेल तितकं बरं, कारण ते कळलं की पुढे आयुष्यभर गेलेला माणूस फक्त गेलेलाच असतो.