मनगटापलीकडचा ठिपका

"हं, इथं," तो म्हणाला.

त्याचे डोळे मिटलेले होते. उजवा हात टेबलावरच्या टॉवेलवर उताणा पसरलेला होता. हातावर टिचक्या मारत जाणारे तिचे बोट मात्र त्या क्षणी त्याच्या हाताला लागलेलेच नव्हते. पेनाचे टोपण घरंगळत टेबलाखाली गेले होते आणि ते उचलायला ती वाकली होती.

टोपण हातात घेऊन ती तशीच वाकलेली राहिली.

"काय गं? झोपलीस का? इथंच लागलं. करंगळीपर्यंत मुंग्या गेल्या बघ."

"हो हो. ऐकलं मी," ती सरळ होत म्हणाली. "अजून डोळे उघडू नका. खूण करू द्या."

तिने जांभळ्या पेनाने त्याच्या तळव्यावर, मनगटाच्या घडीच्या जरा पुढे, एक ठिपका काढला. मग कापडी टेप घेतली, शून्याचे टोक दंडावरच्या जुन्या वणावर धरले आणि टेप कोपरावरून, मनगटावरून त्या ठिपक्यापर्यंत ताणली. चाळीस सेंटिमीटर आणि तीन मिलिमीटर. तेवढ्याच अंतरावर तिने टेपवरही एक ठिपका उमटवला.

"किती?" त्याने डोळे उघडले.

"गेल्या वेळेपेक्षा तीन सेंटिमीटर पुढं."

"बघ! गाडी वेळेवर आहे. तुझ्या मॅडमना सांग, नस हातात शिरली म्हणावं." त्याने डाव्या हाताने सदऱ्याची बाही खाली ओढली. "चहा टाकतेस की आता चहासाठीपण तपासणी?"

ती स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटवला, पाणी ठेवले आणि ओट्याला टेकून टेप पुन्हा उलगडली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक, असे ठिपके ओळीने बसले होते. पहिले चार वेडेवाकडे होते: कुठे दोन सेंटिमीटरचे अंतर, कुठे जवळजवळ चार, कुठे दोनालाही कमी. पाचव्या महिन्यापासून पुढे मात्र प्रत्येक अंतर तीन सेंटिमीटर. दहाच्या दहा वेळा. पट्टी ठेवून आखल्यासारखे.

माणसाच्या शरीरात इतके सरळ काहीच वाढत नाही, हे शस्त्रक्रियागृहात बावीस वर्षे काढलेल्या बाईला कोणी सांगायला नको होते.

पाणी उकळून निम्मे झाले तरी तिने पत्ती टाकली नाही.

तो काचा बसवायचा. खिडक्यांच्या, दारांच्या, दुकानांच्या. त्याच्या धंद्यात त्याला सगळे 'नजर' म्हणत, कारण चौकटीकडे एकदा पाहून तो माप सांगत असे आणि टेप लावली तर माप तेवढेच भरत असे. काचेवर हिरकणी फिरवताना त्याला पट्टी लागत नसे. हिरकणी, म्हणजे काच कापायचे ते हिऱ्याचे टोक, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून तो एका दमात रेघ ओढी. "काचेवर दुसऱ्यांदा हात फिरवायचा नसतो. एकदा चुकलं की चुकलं. बायकोशी बोलण्यासारखंच आहे ते," असे तो चारचौघांत म्हणे आणि तिच्याकडे पाहत हसे.

पंधरा महिन्यांपूर्वी जिन्यावरून नेताना एक मोठी काच वरच्या कोपऱ्याला टेकली आणि तडकली. खाली दुसरा माणूस होता, म्हणून त्याने काच सोडली नाही. तिची धार दंडाच्या आतल्या बाजूने, कोपराच्या अर्धी वीत वर, आत गेली. रक्त थांबले, जखम भरली. पण करंगळीकडे जाणारी, हाताच्या तळव्यातल्या बारीक स्नायूंना चालवणारी नस तुटली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर झाले, आकड्यासारखे वाकले. चिमूट धरेना.

मॅडमनी, तिच्या विभागप्रमुख शल्यविशारद बाईंनी, दोघांना समोर बसवून समजावले होते. नसेची टोके आखडली आहेत, मध्ये फट आहे. पायातली एक कमी महत्त्वाची नस काढून तिचे तुकडे त्या फटीत बसवायचे. टाके शक्य तितके कमी, कारण केसाहून बारीक दोरासुद्धा नसेच्या तंतूंना बोचतो. त्याऐवजी जैविक गोंद.

"गोंद?" त्याला गंमत वाटली होती. "म्हणजे पुट्टीच की, मॅडम. आमच्याचसारखं काम. फट दिसली की भर."

"पुट्टीच," मॅडम हसल्या होत्या. "फक्त ही माणसांनी दिलेल्या रक्तातून काढलेली असते. जखमेवर खपली धरते ना, तेच द्रव्य. पण एक लक्षात ठेवा. गोंद नुसता धरून ठेवतो. त्या पोकळ वाटेतून पुढं वाढायचं ते नसेलाच. दिवसाला एक मिलिमीटर. टिचकी मारल्यावर जिथं करंगळीत मुंग्या येतील, तिथवर ती पोचली म्हणायचं. आणि दीड वर्षाच्या आत पोचली नाही, तर हातातले स्नायू तिची वाट बघणं सोडून देतात."

तो गोंद तिनेच तयार केला होता. नातेवाईक म्हणून तिला आत उभे राहता येणार नव्हते. पण ते काम जमणारी दुसरी सिस्टर त्या दिवशी रजेवर होती. शेजारच्या खोलीत गोठलेल्या दोन पिचकाऱ्या सदतीस अंशांच्या पाण्यात ठेवून ती घड्याळाकडे पाहत उभी राहिली. दोन्ही द्रव्ये टोकाशी एकत्र आली की काही सेकंदांत दह्यासारखी धरतात. शेकडो वेळा केलेले काम. त्या दिवशी तिने तापमापक तीनदा पाहिला आणि पिचकाऱ्या भिंतीतल्या खिडकीतून आत दिल्या, तेव्हा तिच्या लक्षात आले, की तिसऱ्यांदा पाहिलेला आकडा तिला आठवत नाही.

पाचव्या महिन्यात एका रविवारी तिने मनगटाकडून वर कोपरापर्यंत टिचक्या मारल्या आणि तो काही बोललाच नाही. ठिपका जुन्याच जागी राहिला. "पुढच्या आठवड्यात बघू," ती म्हणाली होती. जेवताना मात्र तिच्या हातातला घास तसाच राहिला.

"अहो, त्या दिवशी पाणी गार तर नव्हतं ना झालं?"

"कुठलं पाणी?"

"गोंदाचं. मी आकडा पाहिला होता. पण पाहिला म्हणजे... नीट पाहिला का?"

तिला रडू आवरेना. तो डाव्या हाताने जेवत होता. त्याने ताट बाजूला सारले, तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "वेडी आहेस तू, सिस्टर." तो तिला घरातही सिस्टरच म्हणे. पुढच्या रविवारी तिने पुन्हा टिचक्या मारल्या. कोपराच्या जरा खाली तो डोळे मिटून म्हणाला, "हं, इथं."

आता ओट्याशी उभी असताना तिला सारे एका ओळीत दिसले. कोपराखालच्या आतल्या कातडीची जाणीव शाबूत होती, तिची नस वेगळी. तिथे टिचकी कुठे पडते ते त्याला कळत होते. मुंग्या येत नव्हत्या, एवढेच. बाकीचे काम त्याच्या नजरेने केले होते. महिन्याला तीन सेंटिमीटर किती, हे डोळे मिटूनही त्याला चुकले नसते. पण मनगटापलीकडे करंगळीच्या बाजूचा तळवा बधिर होता. तिथे तिचे बोट कुठे आहे, हे त्याला कळणे शक्य नव्हते. तो मनात टिचक्या मोजत बसला असणार.

तिने चहा नेऊन दिला आणि टेप गुंडाळून ठेवली.

बुधवारी मॅडमनी त्याचा हात तपासला. अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला सांगून तो अलगद ओढला. कागद निघून आला. अंगठ्यामागच्या भागात जिथे मांस असायला हवे, तिथे खळगा होता. मग त्यांनी स्नायूतली हालचाल आवाजाने ऐकवणाऱ्या यंत्राची बारीक सुई त्या खळग्यात टोचली आणि म्हणाल्या, "आता चिमटीचा जोर लावा."

त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. यंत्र गप्प राहिले. तिने अशी शांतता अनेकांच्या बाबतीत ऐकली होती आणि प्रत्येक वेळी ती ट्रे आवरायला लागली होती. आज समोर ट्रे नव्हता.

"महिन्याला तीन सेंटिमीटर जात होती ना?" मॅडमनी तळव्यावरच्या फिकट ठिपक्याकडे पाहत विचारले. "मग इथं काहीतरी ऐकू यायला हवं होतं." त्यांनी त्याच्याकडे पाहिले. त्याने खिडकीकडे पाहिले. "तुम्ही कपडे करा. सिस्टर, जरा बाहेर या."

बाहेरच्या बाकावर त्या तिच्याशेजारी बसल्या. "कोपराशीच थांबली असावी. पाचवा-सहावा महिना."

"पाचवा," ती म्हणाली. "मला रविवारी कळलं."

"दुसरीकडचा स्नायूबंध वळवून चिमूट थोडी परत आणता येईल. भांडं धरेल, किल्ली फिरवेल. पण बारीक काम..." मॅडमनी वाक्य सोडून दिले. मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गोंद उत्तम धरला होता. मी दुर्बिणीखाली पाहिलं, एकही तुकडा हलला नव्हता. फट मोठी होती, वाट लांब होती. तुला हे मी आधीच सांगायला हवं होतं."

घराच्या वाटेवर दोघे चालत होते. चौकात लाल दिव्याशी थांबल्यावर तिने विचारले, "का केलंत असं?"

"कसं?"

"अहो, आता पुरे."

दिवा हिरवा झाला. ते हलले नाहीत. मागचा माणूस वळसा घालून पुढे गेला.

"तू जेवेनाशी झाली होतीस," तो म्हणाला. "ते पाणी, तो आकडा. म्हटलं, नस थांबली ती थांबली, हिला कशाला थांबवायचं? चार महिने जरी गेले असते... वाटलं, मध्येच खरंच येईल. मग मी खरं सांगायला लागेन, आणि तुला कळायचंपण नाही." तो थोडे हसला. "तळव्याचा हिशोबच केला नव्हता मी. बुद्धू."

"मी टोपण उचलत होते."

"काय?"

"रविवारी. तुम्ही 'इथं' म्हणालात तेव्हा. माझा हात नव्हताच."

त्याने मान खाली घातली. "आणि तरी ठिपका काढलास?"

तिने समोर पाहिले. दिवा पुन्हा लाल झाला होता.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचे एक तावदान वर्षभर फुटके होते. तिथे पुठ्ठा लावलेला होता. "हात आला की पहिली काच घरची," असे त्याने ठरवले होते, आणि त्यासाठी आणलेला काचेचा तुकडा कपाटामागे कागदात गुंडाळून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून आली, तेव्हा तो तुकडा टेबलावर टॉवेल पसरून ठेवलेला होता. शेजारी लाकडी पट्टी, हिरकणी आणि पुट्टीचा डबा.

"ये. चौकटीचं माप घे."

"मी?"

"मग काय, पाव्हण्यांना बोलवू? टेप कुठाय?"

घरात टेप एकच होती. तिने ती आणली आणि चौकटीवर आडवी ताणली. जांभळे ठिपके लाकडावर ओळीने पसरले. चौकट तेराव्या ठिपक्याच्या जरा पुढे संपत होती. दोघांनीही ते पाहिले.

"अडतीस," ती म्हणाली.

"सूतभर कमी धर. काच चौकटीला घट्ट बसली की तडकते. थोडी जागा लागते तिला."

तिने काचेवर खूण केली. त्याने वाकड्या बोटांचा हात पट्टीवर उपडा ठेवून त्या हातावर सगळा भार दिला. तिने हिरकणी चिमटीत धरली. टोक खुणेवर टेकवले.

"दुसऱ्यांदा फिरवायची नाही," तो हळूच म्हणाला. "थांबायचं नाही. श्वास सोडत ओढ."

तिने रेघ ओढली. अर्ध्यापर्यंत ती सरळ गेली, मग केसभर आत झुकली.

"चुकली," ती म्हणाली.

त्याने वाकून, एक डोळा मिटून रेघेकडे पाहिले. मग डाव्या हाताने पुट्टीचा डबा तिच्यासमोर सरकवला.

"असू दे," तो म्हणाला. "लाव."