लाल पेनाची एकच ओळ

मी लाल पेन बोलतोय. टोपण हरवलेला, शेपटीकडून चावलेला. पुस्तकं निघतात, हारतुरे होतात, पण माझं नाव कुठ्ठे नसतं. म्हणून आज स्वतःच तोंड उघडलंय.

कारखान्यातून निघालो तो भावंडांच्या गर्दीत, एका खोक्यातून. दुकानातून मला उचललं एका बाईंनी. दवाखान्यात औषधं द्यायची त्यांची नोकरी. सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्या पुस्तक लिहायच्या, आपल्या वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानाबद्दल. म्हटलं चला, लेखिकेच्या घरी आलो, नशीब काढलं! तर तिथे आधीच तो बसलेला.

तो म्हणजे निळा शाईपेन. ताईने, म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीने, भेट दिलेला. त्याला मखमली डबी, त्याला रुमालाने पुसणं. मी आपला पेल्यात, मोडक्या कात्रीशेजारी. तो लिहायचा आणि बाई स्वतःशीच हसायच्या, कधी डोळे टिपायच्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोलू?

पहिला खर्डा संपला तरी मला कोणी विचारेना. बाईंनी कागद कपाटात टाकले आणि महिनाभर तिकडे फिरकल्या नाहीत. तेव्हा मी चरफडलो, पण लिहिणाऱ्यांनो, तेच बरोबर होतं. लिहिताना मला बोलवूच नका, मी एक वाक्य धड पुरं होऊ देणार नाही. झालं की मुरू द्या. आपलंच लेखन परक्यासारखं वाटायला लागलं की मग मला हातात घ्या.

माझी पाळी आली आणि मी सूड उगवला म्हणा ना! सूर्यास्ताचं वर्णन गेलं. एकच आठवण दोनदा आली होती, त्यातली एक गेली. पहिलं प्रकरण तर अख्खं गेलं, कारण गोष्ट सुरू होत होती दुसऱ्यात. निळ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण बाई माझ्याकडे बघायच्या त्या दात काढणाऱ्या डॉक्टरकडे बघावं तशा. राबायचं मी आणि लाड त्याचे!

शेवटच्या प्रकरणात निळ्याने लिहिलं होतं, 'बाबांनी दुकान बंद केलं त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.' पुढे पानभर हुंदके. तिथे बाई थबकल्या आणि समासात माझ्याकडून लिहून घेतलं, 'ताईला विचार.' या धंद्यात रीत अशी की अशा सूचनेभोवती गोल काढायचा. गोल म्हणजे, हे छापायचं नाही. बाई गोल काढायला विसरल्या. ताईला विचारायलाही विसरल्या.

यथावकाश प्रकाशकाकडून प्रुफं आली, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं. आपली प्रुफं आपण एकट्याने तपासू नयेत, डोळ्यांना हवं तेच दिसतं. म्हणून ताईला बोलावलं. ती प्रूफ मोठ्याने वाचायची आणि बाई हस्तलिखितावर बोट ठेवून ताडून बघायच्या. मी दोघींच्या मध्ये लोळत होतो.

"त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. ताईला विचार." ताई थांबली. "हे काय गं?"

छापलं! अक्षरजुळणी करणाऱ्याने इमानेइतबारे माझी ओळ मजकुरात घातली होती. अहो, छापलेल्या अक्षरांत मी! निळ्याच्या नाकाला काय मिरच्या झोंबल्या असतील!

"अगं, ती माझ्यासाठी खूण होती," बाई म्हणाल्या. "चुकून आली. काढते."

"काढशील गं. आधी विचार तरी!"

"बरं, विचारते. मी तेव्हा केवढीशी होते."

"मग ऐक. जेवलो की सगळे! बाबांनी तर दोनदा वाढून घेतलं. म्हणाले, सुटलो एकदाचा त्या मशीनच्या खडखडाटातून. आणि जे घोरायला लागले! रडलीस तू एकटी, बाहुलीला चिंध्या मिळणार नाहीत म्हणून."

बाईंचा चेहरा उतरला. "आणि मी पानभर रडारड केलीय. उद्या छपाई आहे गं. बाबा तर आता नाहीत, राहू दे का तसंच?"

"तू बघ बाई. पण हे पान वाचताना मला आपले बाबा काही भेटेनात."

बाईंनी प्रकाशकाला फोन लावला. तो वैतागला, पण म्हणाला, "जेवढ्या ओळी काढाल तेवढ्याच घाला, नाहीतर पुढची सगळी पानं सरकतील. आणि आजच्या आज द्या."

बाईंनी मला उचललं. समोर माझी ओळ. जन्मात छापली गेलेली एकुलती एक. मी अडलो. बाईंनी झटकलं, कोपऱ्यात गिरवून पाहिलं, पण शाई असून मी उतरेना. लाडक्या वाक्यावर आधी संशय घ्या, असं मीच आयुष्यभर सांगत आलो. दुसऱ्याचं वाक्य असलं की सांगायला काय जातं! निळ्याच्या हजार ओळी, माझी एक. राहिली तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"दोनदा वाढून घेतलं, ते नक्की घाल हं," ताई म्हणाली आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

मग मात्र मी उतरलो. हुंदके खोडले, माझी ओळ खोडली आणि बाबांना पोटभर जेवू घातलं. ओळीला ओळ बरोब्बर बसली.

प्रकाशनाच्या दिवशी सह्या कोणी केल्या? निळ्याने! आयत्या पिठावर रेघोट्या. मी पर्सच्या तळाशी, किल्ल्यांखाली धुमसत पडलेलो. शेवटी ताईची प्रत आली. निळा पुढे सरसावला, तर ताईने बाईंचा हात धरला. "माझ्या प्रतीवर त्या लाल पेनाने लिही."

"अगं, लाल शाईने कोणी सही करतं का?"

"लिही म्हणते ना!"

आता माझ्यात शाई जेमतेम उरली आहे. निळा अजून मखमलीत लोळतो, आणि अजूनही माझ्या पोटात दुखतं. लिहिणाऱ्यांनो, तुमचं पुस्तक हातात आलं की एकदा पेल्याकडेही बघा, एवढंच मागणं आहे. बाकी माझं म्हणाल, तर ताईच्या घरी त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर माझी एक ओळ आहे, ती आता कोणी खोडणार नाही. 'ताईला विचारलं.'