लाल देठाचं तण

धाकटीला पहिला दात आला त्या वर्षी डोंगर खाली आला. आमच्या शेताच्या वर एक पडीक शेत होतं. सात वर्षांपूर्वीच्या लढाईत त्यात सुरुंग पुरलेले. कुणी पुरले विचारलं, तर दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवत. पावसात ते शेत घसरलं आणि आमच्या शेतावर येऊन बसलं.

सुरुंग काढणारी माणसं येणार होती, पण रस्ताच वाहून गेलेला. घरात बटाट्याच्या बियाण्याला कोंब फुटले होते. महिन्याभरात लावलं नाही तर वर्षभर खायचं काय?

"आपली माती कुठली आणि वरची कुठली, एवढं कळलं तरी पुरे," नवरा म्हणाला.

मामंजी बांधावर बसून चिखलाकडे बघत होते. "मातीलाच विचारू."

"बाबा, ती बोलते होय?"

"तुझ्यापेक्षा बरी बोलते. सूनबाई, आपल्या शेतात लाल देठाचं तण कधी पाहिलंस?"

"मी उगवू देते का!"

"आणि वर?"

वर तर सात वर्षं त्याचंच रान होतं. तेव्हा मला उमगलं. तणाचं बी त्या मातीबरोबरच खाली आलं असणार. ते उगवेल तिथं पाय ठेवायचा नाही.

मग रोज सकाळी आम्ही बांधावर. तणाची अशी वाट मी जन्मात पाहिली नव्हती. अकराव्या दिवशी ते वर आलं. शेताच्या मधोमध उतरून, वळण घेत खालच्या कोपऱ्यात गेलं होतं. पूर्वेचा तुकडा अगदी स्वच्छ.

"बघा, डोंगरानं सही करून दिली," मामंजी म्हणाले.

"त्याला सही येते. तुम्ही अजून अंगठाच लावता," नवरा म्हणाला. मामंजी पोटभर हसले.

लावणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेवटच्या सरीच्या टोकाशी बसले होते, धाकटी पाठीला. हात पोचला तिथवरचं तण मी उपटलं. तण दिसलं की माझा हात जातो, विचारून जात नाही. घरी शेळीपुढे टाकलं, तेव्हाही लक्षात आलं नाही.

सकाळी मामंजींना ती कड मोकळी दिसली. आणखी एक सरी बसेल म्हणून त्यांनी तिथं कुदळ मारली.

तणाचं मी नवऱ्याला त्याच दुपारी सांगितलं. तो म्हणाला, "बाबांनीही उपटलं असतं."

मामंजी लावणीच्या तिसऱ्या दिवशी गेले, सकाळी, न्याहारीच्या आधी.