चार हजार सख्यांना मंगळवारचं पत्र

रणधीरच्या लेकीचं, देवश्रीचं, बारसं झालं ते २०२४ साल. त्याच साली त्याच्या बायकोनं, अर्पितानं, अणदुरात बसून महाराष्ट्रातल्या आयांना लेकरं कशी वाढवायची ते शिकवायचा धडाका लावला. स्वतःचं लेकरू अजून मान धरत नव्हतं, पण इंटरनेटवर तिचा ब्लॉग होता. ब्लॉग वाचून बाया निघून जातात, परत येत नाहीत, म्हणून दर मंगळवारी ईमेलनं एक पत्र. पुण्याच्या कुण्या सरांनी तिला शिकवलं होतं की पत्रानं वाचक बांधून ठेवता येतात. बांधून ठेवणं म्हणजे काय, ते कस्तुराबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या दावणीला दोन म्हशी होत्या.

कस्तुराबाई रणधीरची थोरली चुलती. गावातली निम्मी लेकरं त्यांनी पायावर घेऊन न्हाऊ घातलेली. चाळिशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात त्या अक्षरं शिकल्या आणि तेव्हापासून न वाचता कशावर सही केली नाही. अर्पितानं ती थरथरती सही बरोबर हेरली. पहिलं पत्र त्यांना वाचायला दिलं, सही घेतली आणि तिचा फोटो काढून पुढच्या सगळ्या पत्रांखाली चिकटवून टाकला. वर ‘प्रिय सखी’, खाली ‘तुमची कस्तुराआजी’. आजी जोडल्यापासून पत्र उघडणाऱ्या बाया दुप्पट झाल्या म्हणे. सरांनी पाठ थोपटली.

एका बुधवारी सकाळी अर्पिताचा मोबाइल हाती आला तेव्हा कस्तुराबाईंनी कालचं पत्र ओळीखाली बोट धरून वाचलं. ‘आजीच्या काळात बाळांना सर्दी का होत नव्हती?’ असा मथळा. आत लिहिलं होतं, अंघोळीआधी रोज नाकात कोमट तेलाचे दोन थेंब सोडा.

“अर्पिता, ह्याच्या फुडचं कुठं हाय?”

“कुठलं, थोरल्या आई?”

“म्या तुला समदं सांगितलं हुतं. तेल घातल्यावर काय झालं ते.”

“ते घेतलं नाही. असलं दुःखाचं वाचलं की बाया पत्र घ्यायचंच बंद करतात.”

“म्हंजी तेल घाला, एवढंच ठिवलं?”

“तुम्ही उत्तरं तर बघा! लोक किती जीव लावतात तुम्हाला.” अर्पितानं कौतुकानं एक उत्तर वाचून दाखवलं. भूमच्या एका बाईचं होतं, काल रात्री आलेलं. ‘आजी, माझं बाळ बावीस दिवसांचं आहे. तुमच्यावर आईसारखा विश्वास आहे. उद्यापासून तेल सुरू करते.’

कस्तुराबाईंनी मोबाइल तिच्यापुढं सरकवला. “उद्या म्हंजी आजच की. लाव हिला फोन.”

“नंबर नाही. फक्त ईमेल असतो.”

“चार हजार सख्या तुज्या, आन् एकीचाबी नंबर न्हाय?”

“बरं, तिला उत्तर लिहिते.”

“आन् ज्या गप बसल्यात त्यांचं? त्यांनी घातलं तेल तर?”

“पुढच्या मंगळवारी बघू. आठवड्यात दोन पत्रं गेली की लोक वैतागतात. त्यात चुकलं म्हणून सांगायचं म्हणजे एवढा कमावलेला विश्वास मातीत.”

कस्तुराबाई उठल्या. न्हाणीत पाटावर बसून त्यांनी पाय लांब केले. “आन ती पोरगी.” अर्पितानं देवश्रीला आणून त्यांच्या पायांवर ठेवलं. कस्तुराबाईंनी तेलाच्या वाटीत बोट बुडवलं आणि लेकराच्या नाकावर धरलं. थेंब लोंबकळत राहिला.

“सोडू?”

अर्पितानं झडप घालून लेकरू उचललं. “अहो, काय करताय! डॉक्टरांनी साफ नाही म्हणून सांगितलंय!”

“व्हय? डाक्टर तुज्या एकटीच्याच लेकीला हाय का गं?”

मग अर्पितानं लेकरू छातीशी धरूनच लॅपटॉप उघडला. “काय मथळा देऊ?” तिनं विचारलं. ‘आजीचं एक गुपित’ असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं असावं, पण निदान त्या दिवशी तिला तेवढी लाज होती.

“नाकात तेल घालू नका. एवढंच लिही.”

खालचा मजकूर कस्तुराबाईंनी वहीच्या कागदावर स्वतः लिहून दिला. अर्पितानं तो एकही अक्षर न बदलता उतरवला आणि दहाच्या आत धाडला. संध्याकाळपर्यंत तीनशे सख्यांनी पत्र घेणं बंद करून टाकलं. आजीला लावलेला जीव तो एवढाच. पण भूमच्या बाईचं उत्तर दुपारी जेवायच्या आधीच आलं. वाटी हातात होती, तेल अजून घातलं नव्हतं.

कागदावर लिहिलेलं होतं ते असं :

‘बायांनो, काल माझ्या नावानं जे आलं ते अर्धंच होतं. नाकात घातलेलं तेल छातीत उतरतं. मी माझ्या हातानं घातलं. तिला खोकला लागला, मग ताप आला, मग श्वास पुरेना. माझी पहिली लेक अयोध्या अडीच महिन्यांची असताना १९७३ साली, पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारली.’